सहकार चालतो, मग संघटना का खुपते?

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत कोरलेली लेणी पाहायला जाणारा प्रवासी सहसा शिल्प न्याहाळतो, लेण्याद्रीच्या गणपतीला हात जोडतो आणि पायऱ्या उतरू लागतो. भिंतींवरच्या ब्राह्मी अक्षरांकडे लक्ष देणारा विरळा. ज्या अभ्यासकांनी ती अक्षरे वाचली, त्यांनी आपल्यासाठी एक मोलाची गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या येथील एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे धर्मकार्यासाठी ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. दुसऱ्या एका लेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचे नमूद आहे. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील माणसांचा संघ. ही माणसे कारागीर व व्यापारी होती, आजच्या अर्थाने रोजंदारीचे मजूर नव्हती, हे मला मान्य आहे. तरीही हाताने बांबू सोलणाऱ्यांचा एक संघ होता, त्या संघाला नाव होते, आणि लोक आपला पैसा विश्वासाने त्याच्या हवाली करीत होते, एवढे तरी हा दगड सांगतो.

त्याच जुन्नर तालुक्यात आज हाताने कांदा लावणारीचा, द्राक्ष विरळणाऱ्याचा, टोमॅटोचा क्रेट डोक्यावर घेऊन बांध ओलांडणाऱ्याचा संघ म्हटला, की भल्याभल्यांच्या कपाळाला आठी पडते. या आठीविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत. ते गोड लागणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

प्रथम माझाच कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी एका वसतिगृहाच्या आवारातले काम पावसापूर्वी उरकण्याची जबाबदारी माझ्यावर होती. माणसे हवी होती म्हणून भल्या पहाटे नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर गेलो. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला गाठोडी, विळे आणि भाकरीची फडकी घेऊन बायाबापड्या उभ्या होत्या. कोणी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली, कोणी पलीकडच्या अकोल्याची. पिकअप येत होती, मालक काच खाली करून दर विचारत होते, माणसे चढत होती. मी एका वयस्क बाईला बाजूला घेतले आणि टोळीने सांगितलेल्या दरापेक्षा पन्नास रुपये कमी देऊ केले. वर असेही म्हणालो, ‘‘मावशी, काम हलके आहे, सावलीतले आहे.’’ तिने माझ्याकडे शांतपणे पाहिले आणि म्हणाली, ‘‘बाबा, आमचं ठरलंय. त्यांना सोडून मी कमीत आले, तर उद्या त्यांच्यात उभी कशी राहू?’’

मला राग आला. होय, राग आला. गाडीत बसेपर्यंत मी मनातल्या मनात तेच वाक्य पुटपुटत होतो, जे आज या दोन तालुक्यांत कोणत्याही लग्नात, दशक्रियेत, नव्हे, मिस्सेनंतर देवळाच्या अंगणातही ऐकू येते: ‘मजूर माजलेत.’ अर्ध्या वाटेत माझी मलाच लाज वाटली. सेमिनरीत श्रमिकांच्या हक्कांवर उत्तम गुण मिळवलेला मी, त्या सकाळी पन्नास रुपयांसाठी एका अक्षरशत्रू बाईचा संघ फोडू पाहत होतो. संघ हा शब्द तिला ठाऊक नसेल. त्याचा अर्थ मात्र तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

वाचकहो, ‘मजूर माजलेत’ म्हणणारा हा कोण आहे, ते नीट पाहा. तो जमीनदार नाही, सावकार नाही. बहुधा तो चार-पाच एकरांचा बागायतदार आहे. विघ्नहर किंवा भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे, गावच्या दूध संस्थेचा सभासद आहे, सोसायटीचा कर्जदार आहे. त्याच्या आजोबांच्या हाती काय होते? पाऊसमान, कर्ज आणि व्यापाऱ्याच्या उपरण्याखाली बोटे दाबून ठरलेला भाव. एकटा शेतकरी आडत्यापुढे उभा राहिला की त्याचा भाव आडत्या ठरवी. हजार शेतकरी एकत्र आले, त्यांनी कारखाना उभारला, दुधाचे संकलन उभारले, आणि मग कोठे त्याला भावाविषयी तोंड उघडता आले. या तालुक्यांच्या सुबत्तेची किल्ली सहकार आहे, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग सहकार म्हणजे तरी काय? एकट्याला मिळत नाही ते दहाजणांनी मिळून मागणे, एवढेच ना?

शेजारच्या खेड तालुक्यातील चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशींची शेतकरी संघटना वाढली. रस्ते अडवले गेले, माणसे तुरुंगात गेली, आणि मराठी वाचकाने त्याला अन्यायाविरुद्धचा लढा म्हटले. योग्यच म्हटले. पुढे दर गळीत हंगामाच्या तोंडावर पहिल्या उचलीसाठी उसाची वाहने अडवण्याची रीतच पडली. तिलाही आपण आंदोलनच म्हणतो. उसाच्या बाबतीत तर कायदा उत्पादकाच्या पाठीशी उभा आहे: १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे किमान भाव ठरतो, ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. कारखाने हे नेहमी पाळतात असे नाही. पण बोट ठेवायला कलम तरी आहे. मात्र त्याच उसाच्या फडात खुरपणाऱ्या बाईने ‘आठवड्याचे पैसे आठवड्याला द्या’ म्हटले, की तो माज ठरतो! एकाच बांधावर उभ्या असलेल्या दोघांसाठी दोन शब्दकोश आपण कोठून आणले?

भारताच्या संविधानाने तरी असे दोन शब्दकोश केलेले नाहीत. अनुच्छेद १९ मधील ज्या पोटकलमाने नागरिकाला संघटना किंवा संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले, त्याच पोटकलमात ९७ व्या घटनादुरुस्तीने, २०१२ पासून, सहकारी संस्थांचा उल्लेख दाखल झाला. म्हणजे कारखान्याचा सभासद आणि मजूर संघाचा सभासद आता संविधानाच्या एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसले आहेत. ओळीचा उत्तरार्ध छातीशी धरायचा आणि पूर्वार्धावर शाई सांडायची, हे कोणत्या न्यायात बसते? शेतमजुरांची गोष्ट तर याहून जुनी आहे. शेतीत काम करणाऱ्यांना संघटनेचा हक्क उद्योगातील कामगारांसारखाच असावा, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली केला आणि भारताने १९२३ साली त्याला मान्यता दिली. ग्रामीण श्रमिकांच्या संघटनांविषयीचा १९७५ चा करारही १९७७ साली आपल्या देशाने स्वीकारला. शंभर वर्षांपूर्वी दिलेला शब्द अजून नारायणगावच्या अड्ड्यापर्यंत पोहोचलेला नाही.

कोणी म्हणेल, ‘हे संघटनेचे खूळ आमच्या मातीतले नव्हे.’ हे म्हणणे तर साफ खोटे आहे. मुंबईचे डबेवाले कोणत्या मातीतले आहेत? मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर यांच्याच. त्यांची टोळी, त्यांचा मुकादम, त्यांची संस्था यांचे गोडवे परदेशातील विद्यापीठे गातात. नवी मुंबईच्या बाजारात पोती वाहणारे माथाडी कोठले? त्यांत साताऱ्याबरोबर आपल्या पुणे जिल्ह्याच्या घाटाखालचे आणि घाटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना एकत्र बांधले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. माझ्या पाहण्यातला एक गृहस्थ तीस वर्षे माथाडी म्हणून संघाच्या बळावर सन्मानाने जगला. निवृत्त होऊन गावी आला, विहीर पाडली, द्राक्षबाग लावली. आणि आता मजूर दर वाढवून मागतात म्हणून दिवसभर करवादतो. मी त्याला विचारले, ‘‘दादा, तुम्ही वाशीला काय करत होता?’’ तो हसला. हसला, पण उत्तर दिले नाही.

मातीचीच गोष्ट काढायची, तर आणखी पश्चिमेला चला. आहुपे, पिंपरगणे, तिरपाड, हातवीज, आंबे या गावांतून महादेव कोळ्यांनी डोंगर-उतारावर भाताची खाचरे रचली, ती पडकईने. आज तुझे खाचर, उद्या माझे. सगळ्यांचे हात सगळ्यांच्या बांधाला. देशावर इर्जिक होती, सावड होती. श्रम एकत्र करण्याची रीत ज्या समाजाच्या अंगवळणी आहे, त्याला श्रमाचे मोल एकत्र मागण्याची रीत परकी कशी?

आणि त्या पश्चिमेचे पूर्वेशी असलेले नाते पाहिले, की मन विषण्ण होते. घोड नदीवर डिंभे धरण झाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने आंबेगाव पाण्याखाली गेले. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्वेकडे ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो फुलवले. ज्यांची खाचरे बुडाली त्यांची मुले आणि सुना आज त्याच पाण्यावर पिकलेल्या रानांत रोजाने येतात. पाणी कालव्याने येते, माणूस पिकअपमधून येतो. पाण्याचा हिशेब पाटबंधारे खात्याच्या वहीत आहे, माणसाचा कोणाच्याच वहीत नाही. तेथेही जे काही मिळाले ते एकत्र आल्यामुळेच मिळाले. डिंभ्याच्या धरणग्रस्त आदिवासींनी ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने जलाशयातील मासेमारीचे आणि खाचरांचे काम उभे केले. त्या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याचे नुकसान केले, तेव्हा भरपाईची मागणी किसान सभेने संघटितपणे लावून धरली. एकेकट्याचा अर्ज कचेरीत धूळ खातो. पन्नास जणांचा अर्ज निदान वाचला जातो.

आता आक्षेपांचा विचार करू. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला आक्षेप छोट्या शेतकऱ्याचा आहे आणि तो खरा आहे. टोमॅटोचा भाव कोसळला की नारायणगावच्या बाजारात आणलेल्या मालाचे भाडेही सुटत नाही. ‘माझ्याच पदरी काही पडत नाही, मी मजुराला कोठून देऊ?’ असे तो विचारतो. त्याला माझे सांगणे एवढेच: दादा, तुझे दुखणे बाजाराने दिलेले आहे; त्याचे औषध मजुराच्या ताटातून काढू नकोस. खताचा भाव वाढला तेव्हा तू दुकानदाराला कमी पैसे दिलेस काय? डिझेल महागले तेव्हा ट्रॅक्टरवाल्याशी पन्नास रुपयांची घासाघीस केलीस काय? घासाघीस फक्त तिच्याशीच होते, जी सर्वांत कमी बोलते. मजूर संघटित झाला, तर बाजारभावाच्या लढ्यात तो तुझ्या बाजूने उभा राहू शकतो. विखुरलेला मजूर कोणाच्याच बाजूने उभा राहू शकत नाही.

दुसरा आक्षेप: ‘हल्ली मजूरच मिळत नाहीत. टंचाईमुळे त्यांचेच राज्य आहे. संघटना हवी कशाला?’ टंचाई आणि संघटना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कांदा लावणीच्या तीन आठवड्यांत टंचाई दर वाढवते. वैशाखात तीच बाई निम्म्या दरालाही विनवण्या करते. टंचाई तिला पिण्याचे पाणी देत नाही, अड्ड्यावर रात्री निवारा देत नाही, पिकअप उलटली तर दवाखान्याचे बिल भरत नाही, बाळंतपणात घर चालवत नाही. आणि याच टंचाईच्या दिवसांत मालकांची पंगत बसून ‘यंदा एवढ्यावर जायचे नाही’ असे ठरवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मालकांनी ठरवले की तो गावचा निर्णय. मजुरांनी ठरवले की ती अडवणूक!

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा: ‘शेतमजुराला एक मालक नसतो. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. करार करायचा कोणाशी?’ पुणेकराने तरी हा प्रश्न विचारू नये. पोती वाहणाऱ्या हमालालाही एक मालक नव्हता. बाबा आढाव १९५० च्या दशकात पुण्यात हमाल पंचायत बांधू लागले, तेव्हा त्यांना हाच प्रश्न विचारला गेला असणार. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले. त्यांच्या आणि अण्णासाहेबांच्या पिढीने या प्रश्नाचे उत्तर कृतीने देऊन ठेवले आहे. माथाडी कायद्याने अनेक मालक आणि अनेक मजूर यांच्यामध्ये एक मंडळ उभे केले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची वर्गणी मंडळात भरायची, मंडळाने मजुराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि इतर लाभ द्यायचे. त्या व्यवस्थेत आज दोष शिरले असतील, दलाल घुसले असतील. ते दूर करावेत. पण ‘हे शक्यच नाही’ असे म्हणण्याचा अधिकार १९६९ नंतर महाराष्ट्रात कोणालाही उरलेला नाही.

चौथा आक्षेप: ‘संघटना आली की संप आला, संप आला की सर्वनाश. गिरण्यांचे काय झाले?’ १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू केला आणि तो हरला, हे खरे. आपल्या तालुक्यांतलीही कित्येक घरे त्यात होरपळली. पण त्या शोकांतिकेचे एक मूळ विसरू नका: त्या काळच्या कायद्याने मान्यता एकाच संघाला होती, आणि बहुसंख्य कामगारांचे मन दुसरीकडे होते. ज्याच्यावर कामगारांचा विश्वास त्याच्याशी वाटाघाट नाही, आणि ज्याच्याशी वाटाघाट त्याच्यावर विश्वास नाही. म्हणून बोलणीचे दार बंद झाले आणि संप चिघळला. खऱ्या प्रतिनिधीशी वेळेवर बोलणे हाच संप टाळण्याचा मार्ग आहे, हा त्यातला धडा. आपण मात्र नेमका उलटा घेतला.

संघटनेने सारे प्रश्न सुटतात असेही मी म्हणणार नाही. आपल्या कारखान्यांच्या ऊसतोड कामगारांचेच उदाहरण घ्या. बीड, जालना, अहिल्यानगरहून दर हंगामाला ही कुटुंबे येतात. त्यांच्या संघटना आणि साखर संघ यांच्यात दराचा करार होतो, मतभेद झाले की लवाद बसतो. जानेवारी २०२४ मध्ये, कोयता बंद करण्याच्या इशाऱ्यानंतर, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. टनामागे २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ च्या घरात गेला. कोणत्या दयाळू अध्यक्षाने ही वाढ आपण होऊन दिली असती? सामुदायिक वाटाघाटीचे बळ ते हेच.

परंतु त्याच करारात काय राहून जाते, तेही पाहा. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोघे पहाटे फडात उतरतात, तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहते; हिशेब मात्र एका कोयत्याचा आणि उचल नवऱ्याच्या नावावर. जिचे नाव मुकादमाच्या वहीत नाही, तिचा खाडा मात्र त्या वहीत चढतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक. हा आकडा वाचून ज्याची झोप उडत नाही, त्याने साखरेचा चहा पिताना तरी क्षणभर थांबावे. आपल्या भागात तर या कुटुंबांची कोपी उसाच्या फडाला लागून असते आणि बिबट्याचे घरही तोच ऊस. आई फडात, लेकरू कोपीच्या दाराशी. पुढचे सांगायला नको.

यावरून काही लोक निष्कर्ष काढतात, की संघटना कुचकामी. माझा निष्कर्ष उलट आहे. करार झाला तो टनाचा, कारण बोलणाऱ्यांनी टन मागितला. बायका त्या बैठकीत बसत्या, तर त्यांनी शौचालय मागितले असते, पाळणाघर मागितले असते, आपल्या नावाची वेगळी ओळ मागितली असती. वाटाघाटीच्या सतरंजीवर ज्याला जागा नाही, त्याचे दुःख करारात उतरत नाही. म्हणून संघटना हवीच; आणि तिच्यात बाई हवी, बोलणारी हवी.

आता आपल्या घराकडे वळतो. आपण रविवारी मिस्सेला येतो, तो रविवार गिरणीतल्या माणसाला कोणी मिळवून दिला? त्या काळच्या धर्मगुरूंनी नव्हे. सत्यशोधक विचारांच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांचा संघ उभारला आणि १० जून १८९० रोजी मालकांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य करावी लागली. त्यानंतर वर्षभराने, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे श्रमिकांविषयीचे विश्वपत्र प्रसिद्ध झाले. कामगाराने नाइलाजाने मान्य केलेला दर हा न्याय्य दर ठरत नाही आणि श्रमिकांना आपले संघ स्थापण्याचा नैसर्गिक अधिकार आहे, असे त्यात स्वच्छ सांगितले आहे. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या विश्वपत्रात कामगार संघांची आवश्यकता पुन्हा मांडली आणि शेतमजुरांचा वेगळा विचार केला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या परमगुरूस्वामींनी लिओ हे नाव घेतले, तेही त्या जुन्या विश्वपत्राची आठवण ठेवून. नाव घेणे सोपे, आचरण अवघड.

आपल्यातील काही मळेवाले मला द्राक्षमळ्याचा दाखला ऐकवतात: मालकाने आपल्या पैशाचे काय करावे हा त्याचा प्रश्न नव्हे काय? त्यांनी तो दाखला पुरता वाचावा. त्या मालकाने दर कामाआधी ठरवला, ठरला तेवढा त्याच संध्याकाळी दिला, आणि ज्याला कोणी कामावर घेतले नाही त्यालाही पोटापुरते दिले. त्याने दर कमी करण्यासाठी कोणाला बाजूला घेतले नाही. मी घेतले होते. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोबाच्या पत्रात आहे; ते ओरडणे ऐकण्यासाठी पॅलेस्टाईनला जायला नको. आणि हे मी मळेवाल्यांनाच सांगतो असे नाही. धर्मसंस्थांच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत स्वयंपाकिणीला, सफाई करणारीला, कंत्राटी शिक्षकाला लेखी कागद मिळतो काय? त्यांनी उद्या चौघांचे मंडळ करून आपल्या टेबलासमोर खुर्ची मागितली, तर आपण ‘सेवाभाव’ या शब्दाची ढाल पुढे करणार नाही, अशी शपथ किती जण घेतील?

एवढे बोलून थांबलो, तर हे नुसते प्रवचन होईल. तेव्हा चार गोष्टी मागतो. पहिली: कांदा लावणी, द्राक्ष छाटणी आणि ऊसतोड यांच्या हंगामापूर्वी प्रत्येक मोठ्या गावात मालक आणि मजूर यांची बैठक व्हावी, सर्व एकाच सतरंजीवर बसून, दर, कामाचे तास, पैसे देण्याचा वार आणि वाहनाची जबाबदारी ठरावी आणि कागदावर यावी. दुसरी: त्या कागदावर बाईचे नाव बाईच्या नावानेच असावे. तिसरी: नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मंचर येथे जेथे माणसे पहाटे उभी राहतात, तेथे पाणी, छप्पर आणि शौचालय ग्रामपंचायतीने व बाजार समितीने मिळून करावे; ज्यांच्या हातून बाजारात माल येतो, त्यांच्यासाठी बाजाराला एवढे जड नाही. चौथी: या साऱ्याची सुरुवात धर्मसंस्थांनी आपल्या आवारातून करावी, म्हणजे दुसऱ्याला सांगताना जीभ अडखळणार नाही.

त्या वसतिगृहाच्या कामाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. मी गाडी वळवली आणि अड्ड्यावर परत गेलो. त्या बाईला आणि तिच्या सोबतच्या चौघींना टोळीच्या दराने घेऊन आलो. काम दोन दिवसांचे होते, ते दीड दिवसात झाले. संध्याकाळी पैसे मोजून घेताना तिने मला हसून विचारले, ‘‘बाबा, राग गेला का?’’

राग गेला होता. ऋण मात्र राहिले आहे. हा लेख त्याचा पहिला हप्ता समजावा.